टाकी भरलेली, इंजिन उपाशी!

विद्यार्थी मित्रांनो, पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवणच्या आसपास डाव्या हाताला पाण्याचा विस्तीर्ण पट्टा दिसू लागतो. हा भीमा नदीवरील उजनी धरणाचा जलाशय. धरण आहे सोलापूर जिल्ह्यात. ते १९८० साली पूर्ण झाले आणि त्याचे पाणी इंदापूर तालुक्याच्या कडेकडेने दूरवर पसरले. या जलाशयाला ‘यशवंतसागर’ असे नाव आहे. हिवाळ्यात येथे रोहित पक्षी येतात आणि ते पाहण्यासाठी कुंभारगाव, भिगवण या भागात लोक होडीत बसतात. काठावरच्या गावांना मात्र होडी ही चैन नव्हे. मासेमारीला होडी लागते. पलीकडच्या करमाळा तालुक्यात जायचे, तर रस्त्याने फार मोठा वळसा पडतो, तेथेही होडीच लागते.

अशा होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले एक यंत्र तुम्ही पाहिले असेल. वर इंजिन, त्याखाली उभा दांडा आणि पाण्यात बुडालेला पंखा. यालाच ‘आउटबोर्ड मोटर’ म्हणतात. अमेरिकेत ओले एव्हिनरूड या मूळच्या नॉर्वेजियन कारागिराने १९०९ साली अशी मोटर विकायला सुरुवात केली आणि ती जगभर पसरली. जुन्या मोटरी बहुधा दोन-धावी, म्हणजे टू-स्ट्रोक असतात. त्यांच्या पेट्रोलमध्येच वंगणाचे तेल मिसळावे लागते.

आता समजा, अशी एक जुनी मोटर काठावर एका दोरीच्या झटक्यात सुरू झाली. होडी पाच-सहा मिनिटे झकास चालली. मग मोटरचा जोर ओसरू लागला, आवाज खाली गेला आणि भर पाण्यात ती बंद पडली. नावाड्याने टाकीचे झाकण उघडून पाहिले, तर पेट्रोल भरपूर! झाकण लावून पुन्हा दोरी ओढली, तर मोटर सुरू! आणि पाच-सात मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार. मेकॅनिकने काठावर तपासले, तर कुठेच बिघाड नाही. याचे कारण तुम्हाला सांगता येईल का?

तेलाच्या डब्याला दोन भोके का?

उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. गोडेतेलाच्या नव्या पत्र्याच्या डब्याला एकच लहान भोक पाडून तेल ओतू लागलात, तर ते थांबत-थांबत, गटगट करीत येते. म्हणून आई समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडते. तेल बाहेर जायला एक आणि हवा आत यायला एक.

मोटरच्या जुन्या, हाताने उचलून नेण्याच्या टाकीच्या झाकणावर असाच एक हवेचा स्क्रू असतो. टाकी नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो घट्ट आवळतात. मोटर सुरू करण्यापूर्वी तो सैल करायचा असतो. तो तसाच राहिला किंवा त्याचे भोक चिखलाने बुजले, की पेट्रोल बाहेर जाते, पण त्याच्या जागी हवा आत येत नाही. नावाड्याने पेट्रोल पाहण्यासाठी झाकण उघडले, तेव्हा नकळत दुसरे भोकच उघडले! म्हणून मोटर पुन्हा चालू लागली.

थोडे गणित करू. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली मांडलेला नियम तुम्ही शिकला आहात: तापमान तेच असेल, तर हवेचे आकारमान जितक्या पट वाढेल, तितक्या पट तिचा दाब कमी होतो. समजा, टाकी २४ लिटरची आहे आणि तीत २३ लिटर पेट्रोल आहे. म्हणजे वर हवा फक्त १ लिटर. मोटरने अर्धा लिटर पेट्रोल ओढले, की हवेला दीड लिटर जागा मिळते. दाब उरतो दोन-तृतीयांश वातावरण! आता हीच टाकी अर्धी भरलेली असेल, तर हवा १२ लिटर असते. अर्धा लिटर पेट्रोल गेल्यावर ती १२.५ लिटर होते आणि दाब अवघा ४ टक्क्यांनी उतरतो.

पहिल्या टाकीत दाबाची तूट एक-तृतीयांश वातावरण आहे. एक वातावरण दाब सुमारे १०.३ मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरतो, म्हणजे ही तूट सुमारे ३.४ मीटर पाण्याइतकी झाली. पेट्रोल पाण्याहून हलके असल्यामुळे त्याचा स्तंभ साडेचार मीटरच्या आसपास येतो. म्हणजे टाकी जणू इंजिनाखाली साडेचार मीटर खोल विहिरीत ठेवली! पेट्रोलची वाफ ही तूट काही प्रमाणात भरून काढते, म्हणून प्रत्यक्षात खोली यापेक्षा कमी भरेल. तरीही मोटरच्या छोट्याशा पंपाला ती झेपत नाही. तासाला ५ लिटर पेट्रोल लागणारी मोटर अर्धा लिटर संपवायला ६ मिनिटे घेते. आपली होडी किती मिनिटांनी बंद पडली होती, ते आठवा.

यातली गंमत लक्षात आली का? टाकी जितकी जास्त भरलेली, तितकी मोटर लवकर उपाशी!

करून पाहा

एक काचेची बाटली काठोकाठ पाण्याने भरा. तोंडात एक स्ट्रॉ घालून सभोवती ओली कणीक घट्ट दाबून बसवा, कुठेही फट ठेवू नका. आता स्ट्रॉने पाणी ओढा. एखादा घोट येतो न येतो, की पाणी अडते. मग बाटली अर्धी रिकामी करून तोच प्रयोग करा. आता किती घोट येतात, ते वहीत लिहा. शेवटी कणकेला सुईने एक भोक पाडून पाहा. हा प्रयोग फक्त पाण्यानेच करायचा. पेट्रोलला हातही लावायचा नाही.

आधी कान, मग पाना

जोर कमी होण्याची इतरही कारणे असतात. ती अंदाजाने नव्हे, तर क्रमाने शोधावी लागतात. पहिली परीक्षा कानांची. मोटरचा आवाज चढतो, पण होडी पुढे सरकत नाही, असे असेल, तर इंजिन निर्दोष आहे आणि दोष खाली पंख्याकडे आहे. पंख्याच्या मध्यभागी असलेला रबराचा गाभा सुटून दांडा नुसताच फिरत असेल, किंवा जुन्या मोटरीत पंखा अडखळल्यावर मुद्दाम तुटण्यासाठी बसवलेली खीळ तुटली असेल. ही खीळ म्हणजे घरातल्या विजेचा फ्यूजच समजा. स्वतः तुटून ती महागडे दाते वाचवते.

उलट आवाजच बसत असेल, तर एक तर पंख्यात जाळे किंवा जलपर्णी अडकून त्याचा भार वाढला आहे, नाहीतर दोष इंजिनात आहे. तेथे दुसरी परीक्षा. टाकीकडून येणाऱ्या नळीवर रबराचा एक फुगा असतो. तो दाबल्यावर मोटर सावरली, तर इंधन कमी पडते आहे. फुगा आपोआप चपटा झाला असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. आपला हवेचा स्क्रू तेथेच भेटतो.

तिसरी परीक्षा पाण्याची. इंधनात पाणी शिरले, तर ते जड असल्याने तळाशी बसते, आणि नळीचे तोंडही तळाशीच असते! येथे आपल्या उसाचाही संबंध येतो. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यातला ऊस साखर कारखान्यांत जातो आणि उसाच्या मळीपासून इथेनॉलही तयार होते. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल पाण्याला आपल्यात सामावून घेते, पण मर्यादेपलीकडे पाणी झाले, की दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जातात. शिवाय जुन्या मोटरीतील काही प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते किंवा मऊ पडते. म्हणून जुन्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलणे हिताचे.

चौथी परीक्षा डोळ्यांची. चालू मोटरच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरते आहे, याची ती खूण. गाळाने किंवा शेवाळाने वाट बुजली, की धार थांबते आणि इंजिन तापते. तापल्यावर ॲल्युमिनियमचा दट्ट्या लोखंडी नळकांड्याच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो आणि आत आवळून बसू लागतो. धार दिसली नाही, तर मोटर ताबडतोब बंद करावी.

अर्धा जोर म्हणजे अर्धा वेग नव्हे

दोन नळकांड्यांच्या मोटरीत एका स्पार्क प्लगची ठिणगी गेली, तर जोर निम्म्याच्या आसपास येतो. मग वेगही निम्मा होईल का? नाही. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून शक्ती निम्मी झाली, तरी वेग सुमारे ७९ टक्के उरतो. ताशी १० किलोमीटरऐवजी ८ किलोमीटर. शांत पाण्यात हा फरक नावाड्याला जाणवतही नाही. ‘चालतेय ना, मग चालू द्या!’ असे म्हणून तो पुढे जातो.

खरा धोका येथेच आहे. गेलेली शक्ती शांत पाण्यात लागत नव्हती. ती लागते वारा सुटल्यावर. होडीचे नाक लाटांसमोर धरून ठेवायला जोर हवा. तो नसेल, तर होडी आडवी होते आणि लाटा तिच्या कुशीवर आदळतात. उजनीच्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काहीच नाही. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा बुडून मृत्यू झाला. तेथे कारण वारा हे होते. निरोगी मोटरीलाही वादळ पेलत नाही, मग आजारी मोटरीची काय कथा!

तेव्हा मित्रांनो, तुम्ही कधी होडीत बसलात, तर चार गोष्टी पाहा. अंगात जीवरक्षक जाकीट आहे का? माणसे प्रमाणात आहेत का? आभाळ स्वच्छ आहे का? मागून पाण्याची धार पडते आहे का? आणि होडी सुटण्यापूर्वी नावाडीकाकांना नम्रपणे एक प्रश्न विचारा: “काका, टाकीच्या झाकणावरचा स्क्रू सैल केला ना?”