थांबलेले यंत्र बंद नसते

आपल्या तिसगाव भागातली बरीच मुले आता सुपे, नागापूर, रांजणगाव, चाकणच्या कारखान्यांत कामाला आहेत. सणाला गावी आली की दवाखान्यात डोकावतात. कुणाची पाठ धरलेली, कुणाची रात्रपाळीने झोप उडालेली. गेल्या दिवाळीत एक जण उजव्या हाताची तर्जनी अर्धी गमावून आला. जखम भरली होती, ठणका राहिला होता. मी विचारले, "चालू यंत्रात हात घातलास का रे?" तो म्हणाला, "नाही डॉक्टर, बंद होतं. म्हणूनच तर घातला."

कडबाकुट्टीत वैरण अडकते, लाईट जाते, माणूस हात घालतो आणि तेवढ्यात लाईट येते. हा प्रकार आपल्याला नवा नाही. स्वयंचलित कारखान्यात तर लाईट जावीही लागत नाही. यंत्रमानवाचा हात थांबलेला दिसतो, तेव्हा तो बहुधा पुढच्या इशाऱ्याची वाट पाहत असतो. अडकलेला तुकडा आपण काढला की आपणच तो इशारा दिल्यासारखे होते!

१९७९ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातील फोर्डच्या कारखान्यात एक कामगार माल काढायला मांडणीवर चढला असता यंत्रमानवाच्या हाताच्या तडाख्याने दगावला. १९८१ साली जपानमध्ये, ऑगस्ट २०१५ मध्ये हरियाणातील मानेसरला असेच मृत्यू झाले. असे अपघात नेहमीच्या उत्पादनापेक्षा दुरुस्ती, जुळवणी, अडकलेला माल काढणे अशा वेळी जास्त होतात. त्यात आता एकाच लाईनवर सकाळी एक माल, दुपारी दुसरा. डाय बदलते, प्रोग्रॅम बदलतो, हाताचा फेराही बदलतो. काल उभे राहायची जागा आज त्या फेऱ्यात येऊ शकते. म्हणून प्रत्येक बदलानंतर कामगाराला, कंत्राटी असला तरी, नव्याने समजावून सांगितले पाहिजे.

भरवशाचा उपाय म्हणजे कुलूप. आत जाणाऱ्याने मुख्य स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावावे, किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. हवेचा दाबही सोडावा, कारण वीज तोडली तरी तो राहतो. जाळीचे दार उघडले की यंत्र थांबवणारा स्विच असतो. उत्पादन अडते म्हणून तो चिकटपट्टीने दाबून ठेवतात, असे मुले हसत सांगतात. मला हसू येत नाही. नुसते 'सावध राहा' सांगून मालकाला सुटता येत नाही. धोकादायक भागांना कुंपण घालणे १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच सक्तीचे केले होते.

बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, चुना, चहाची पूड काही लावू नये, बोटाला दोराही आवळू नये. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकले तर पेशी मरतात. मग सूक्ष्म शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात लगेच न्यावे. वाटेत खायला-प्यायला देऊ नये.

आणि घरच्यांनी एक करावे. मुलगा कामाला लागताच त्याचा ई.एस.आय.चा क्रमांक मागून घ्यावा, त्याची एक प्रत घरी ठेवावी. अपघातानंतर कागद जमवत हिंडणारे बाप मी पाहिले आहेत.