मुलांची आरोग्य साक्षरता कशी मोजावी?

आरोग्य साक्षरता ही संज्ञा स्कॉट सायमंड्स या अमेरिकन आरोग्यशिक्षण तज्ज्ञांनी १९७४ मध्ये वापरली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शाळकरी मुले होती. शाळेच्या प्रत्येक इयत्तेसाठी आरोग्यशिक्षणाची किमान पातळी ठरवली जावी, अशी त्यांची मागणी होती. पुढील काळात मात्र संशोधकांचे लक्ष दवाखान्यात येणाऱ्या प्रौढांकडे वळले, कारण औषधाच्या सूचना न समजल्यामुळे होणारे नुकसान तेथे लगेच दिसत होते, आणि साहजिकच मोजमापाची पहिली साधने प्रौढ रुग्णांना समोर ठेवून घडली. मुलांच्या आरोग्य साक्षरतेचा विचार पुन्हा गांभीर्याने सुरू झाला तेव्हा हीच साधने हाताशी होती, आणि ती थोडी सोपी करून मुलांना लावण्याचा मार्ग अनेकांनी पत्करला. तो मार्ग फार दूर का जाऊ शकत नाही, हे समजून घेतल्याशिवाय मुलांचे मोजमाप कसे असावे हे ठरवता येत नाही.

आरोग्याविषयीची माहिती मिळवणे, ती समजून घेणे, तिची पारख करणे आणि ती स्वतःच्या जगण्यात वापरणे अशा चार क्षमतांचा समुच्चय म्हणजे आरोग्य साक्षरता, अशी मांडणी क्रिस्टीन सोरेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये केली व ती आज बरीच रूढ आहे. त्याआधी, २००० मध्ये, डॉन नटबीम यांनी या साक्षरतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. सूचना वाचून त्याप्रमाणे वागता येणे ही पहिली पायरी, डॉक्टरांना किंवा शिक्षकांना प्रश्न विचारून आपल्या परिस्थितीला लागू पडणारे उत्तर मिळवता येणे ही दुसरी, आणि मिळालेली माहिती कोणी दिली, का दिली, तिच्यावर विश्वास ठेवावा का, असा विचार करता येणे ही तिसरी, जिला त्यांनी चिकित्सक आरोग्य साक्षरता म्हटले. शाळकरी मुलांच्या मोबाइलवर डेंग्यूवरील घरगुती उपायांपासून उंची वाढवणाऱ्या पावडरीपर्यंत सर्व काही येऊन पोहोचते, अशा काळात ही तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि मोजायला सर्वांत अवघडही तीच आहे.

मुलांच्या संदर्भात तर व्याख्येपासूनच एकवाक्यता नाही. बालक आणि युवकांच्या आरोग्य साक्षरतेवरील साहित्याचा जो आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तब्बल १२ व्याख्या आणि २१ प्रारूपे आढळली, आणि पुढच्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या आढाव्यात कोणत्याही एका आजारापुरती मर्यादित नसलेली १५ मापनसाधने सापडली. एकच गोष्ट मोजत असल्याचा दावा करणारी ही साधने प्रत्यक्षात वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, त्यामुळे एका अभ्यासातील मुलांची तुलना दुसऱ्या अभ्यासातील मुलांशी करताना मोठी सावधगिरी लागते.

अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेली आणि ‘रिअल्म’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी चाचणी वैद्यकीय शब्दांच्या वाचनावर आधारलेली होती. रुग्णाने ६६ शब्द मोठ्याने वाचायचे आणि किती शब्दांचा उच्चार बरोबर आला ते मोजायचे, इतकी ती साधी होती. तिचीच किशोरांसाठीची आवृत्ती २००६ मध्ये आली व तीतही शब्द ६६ च होते. इंग्रजीत लेखन आणि उच्चार यांची फारकत असल्यामुळे, जो शब्द पूर्वी भेटलेला नाही तो बरोबर उच्चारणे कठीण असते, आणि म्हणून योग्य उच्चार हा ओळखीचा पुरावा मानण्यात थोडेफार तथ्य होते. स्पॅनिश भाषेत ही युक्ती निरुपयोगी ठरली, कारण तेथे अक्षरे ओळखणारा कोणीही अपरिचित शब्दही अचूक वाचतो, आणि म्हणून स्पॅनिशसाठी शब्दाबरोबर त्याचा अर्थही ओळखायला लावणारी नवी चाचणी रचावी लागली. देवनागरीची स्थिती याबाबतीत स्पॅनिशसारखीच आहे. चौथीतील मूल ‘थायरॉईड’ किंवा ‘प्रतिजैविक’ हे शब्द अडखळत का होईना वाचून दाखवील, पण त्यावरून त्याला त्यांचा अर्थ माहीत आहे असे मानणे म्हणजे लिपीची परीक्षा घेऊन आरोग्याचे गुण देण्यासारखे आहे.

दुसरी बहुचर्चित चाचणी २००५ मधील. तीत आइस्क्रीमच्या डब्यावरील पोषणमूल्यांची पट्टी हातात देऊन सहा प्रश्न विचारले जातात: संपूर्ण डबा खाल्ल्यास किती उष्मांक पोटात जातील, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने हे आइस्क्रीम खावे का, अशा स्वरूपाचे. येथे निदान प्रत्यक्ष काही करून दाखवावे लागते, ही या चाचणीची मोठी जमेची बाजू आहे, आणि ती सात ते बारा वर्षांच्या मुलांवरही वापरून पाहिली गेली आहे. परंतु तिच्यातील काही प्रश्नांसाठी शेकडेवारीचे गणित लागते, जे लहान वर्गांत शिकवलेलेच नसते. शिवाय भारतात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असला तरी नियमाची पूर्तता होते, त्यामुळे मराठी माध्यमातील सहावीच्या मुलाला बिस्किटाच्या पुड्यावरचे इंग्रजी वाचता आले नाही तर उणीव त्या मुलात शोधायची की पुड्यात, हा प्रश्न गुणांच्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे वैद्यकशास्त्राने औषधांच्या मात्रेबाबत फार पूर्वी मान्य केले, पण मोजमापाच्या क्षेत्रात ते उशिरा उमगले. आठ वर्षांचे मूल आपले जेवण निवडत नाही, दवाखान्यात कधी जायचे हे ठरवत नाही आणि औषधाची बाटली बहुधा त्याच्या हाताला लागू दिली जात नाही. त्याच्या आरोग्याचे निर्णय आई, वडील, आजी, शिक्षक घेतात, आणि त्याची स्वतःची समज या सर्वांच्या समजुतीत गुंतलेली असते. पंधराव्या वर्षी चित्र पालटते. काय खावे, किती झोपावे, तंबाखूची पुडी पुढे करणाऱ्या मित्राला काय सांगावे, पाळीविषयीची शंका कोणाला विचारावी, हे निर्णय हळूहळू त्याचे किंवा तिचे स्वतःचे होऊ लागतात, आणि नेमक्या याच वयात मोठ्यांना विचारण्याचा संकोच वाढतो. म्हणून एकच प्रश्नावली नऊ वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलांना देता येत नाही. महाराष्ट्रातील अनेक घरांत मुलाने मोठ्यांवर विसंबण्याच्या उलटही घडते, आणि त्याची दखल मोजमापात घ्यायला हवी: शिकलेले पहिले माणूस घरातील शाळकरी मुलगी असते, व आजीच्या गोळ्यांच्या पाकिटावरची मुदतबाह्य होण्याची तारीख तीच वाचून सांगते. अशा मुलीची आरोग्य साक्षरता साऱ्या घराच्या उपयोगी पडत असते.

मुलांसाठी मुळापासून विचार करून घडवलेल्या साधनांत फिनलंडमधील साधनाचा अभ्यास सर्वाधिक उद्बोधक आहे. तेथे आरोग्यशिक्षण हा शाळेत स्वतंत्र विषय आहे आणि तो त्या विषयाचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेले शिक्षक शिकवतात. त्यामुळे आरोग्य साक्षरता म्हणजे शाळेतून बाहेर पडताना विद्यार्थ्याजवळ काय असावे, असा प्रश्न तेथील संशोधकांना विचारता आला. यूवास्कूला विद्यापीठातील लीना पाक्कारी आणि ओल्ली पाक्कारी यांनी २०१२ मध्ये तिचे पाच घटक मांडले: सैद्धांतिक ज्ञान, व्यावहारिक ज्ञान, चिकित्सक विचार, स्वतःची जाण आणि नागरिकत्व. शेवटचे दोन घटक विशेष लक्ष देण्यासारखे आहेत. स्वतःची जाण म्हणजे आपल्या सवयी, आपले शरीर आणि आपल्या निवडीमागची कारणे ओळखता येणे, तर नागरिकत्व म्हणजे आपल्या वागण्याचा इतरांवर व परिसरावर होणारा परिणाम ओळखून आपल्या भोवतीचे आरोग्य सुधारण्यासाठी काही सुचवता येणे. आरोग्य ही केवळ ज्याची त्याची जबाबदारी नाही, हा विचार मोजपट्टीतच अशा प्रकारे गुंफला गेला.

या मांडणीवरून २०१६ मध्ये जे साधन प्रसिद्ध झाले त्यात अवघी दहा विधाने आहेत, प्रत्येक घटकासाठी दोन. विविध ठिकाणांहून मिळालेल्या आरोग्यविषयक माहितीची आपल्याला तुलना करता येते का, परिचारिका किंवा डॉक्टरांनी दिलेल्या सूचना पाळता येतात का, आपल्या निवडीची कारणे सांगता येतात का, अशा आशयाच्या प्रत्येक विधानावर ‘अजिबात खरे नाही’ पासून ‘पूर्णपणे खरे आहे’ पर्यंतच्या चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. त्यामुळे एकूण गुण १० ते ४० च्या दरम्यान येतात. २५ पर्यंत निम्न, ३६ पासून पुढे उच्च आणि मधले मध्यम, अशी विभागणी केली जाते. शाळकरी मुलांच्या आरोग्यविषयक वर्तनाची जी आंतरराष्ट्रीय पाहणी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने दर चार वर्षांनी होते, तिच्या फिनलंडमधील २०१४ च्या फेरीत हे साधन सातवी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी वापरले गेले, आणि सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी उच्च पातळीवर तर साधारण एक दशांश निम्न पातळीवर आढळले. अभ्यासात पुढे असणाऱ्यांची आरोग्य साक्षरताही अधिक होती, म्हणजे शाळेत मागे पडणारे मूल आरोग्यातही मागे पडण्याचा धोका स्वतंत्र विषय शिकवणाऱ्या देशातही शिल्लक राहतो. पुढे युरोपातील इतर देशांनीही हेच साधन वापरले.

या साधनाची मर्यादा त्याच्या रीतीतच आहे. मूल स्वतःविषयी जे सांगते ते येथे मोजले जाते, आणि स्वतःची क्षमता अजमावता येणे ही स्वतंत्र क्षमता आहे, जी वयाबरोबर सावकाश येते. ज्याला चुकीची माहिती ओळखता येत नाही त्याला आपल्याला ती ओळखता येत नाही हेही कळत नसते, त्यामुळे तो निःशंकपणे सर्वांत वरचा पर्याय निवडतो. उलट विचारी मुलगी शंका घेऊन एक पायरी खाली उतरते आणि कमी गुण मिळवते. जर्मनीत बीलेफेल्ड विद्यापीठातील संशोधकांनी चौथीच्या मुलांसाठी १५ प्रश्नांची जी प्रश्नावली २०२० मध्ये प्रसिद्ध केली ती युरोपातील प्रौढांच्या ४७ प्रश्नांच्या प्रश्नावलीवरून घडवली होती, पण ती देण्यापूर्वी त्यांनी मुलांना एकेकटे बसवून प्रत्येक प्रश्नातून त्यांना काय कळले, हे त्यांच्याच तोंडून ऐकून घेतले. ही पायरी खर्चीक आणि वेळखाऊ असली तरी ती वगळून केलेले मुलांचे कोणतेही मोजमाप विश्वासार्ह मानू नये, कारण प्रौढांना सरळ वाटणारा प्रश्न मूल आपल्या अनुभवातील एखाद्या प्रसंगापुरता घेते, आणि उत्तर त्या प्रसंगाचे देते.

भारतात या संदर्भात एक लक्षणीय प्रयत्न वेगळ्याच दिशेने झाला. मुंबईत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ नावाची शैक्षणिक पाहणी वाचन आणि गणितासाठी प्रसिद्ध आहे. तिच्या २०२३ च्या फेरीत २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांमधील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींकडून रोजच्या जगण्यातील काही कामे करून घेतली गेली, आणि त्यांतील एक काम जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या, पाकिटावरील सूचना वाचून त्यावरील चार प्रश्नांची उत्तरे देण्याचे होते. ज्यांना किमान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश जणांना चारपैकी निदान तीन उत्तरे देता आली, याचा अर्थ वाचता येणाऱ्यांपैकीही जवळपास तिघांतील एकाला ती देता आली नाहीत. जुलाब झालेल्या बाळासाठी पाकीट एक लिटर पाण्यात मिसळायचे असते व तयार द्रावण २४ तासांत संपवायचे असते; पाणी कमी पडले तर द्रावणातील मिठाचे प्रमाण अपायकारक होऊ शकते. आपल्याला सूचना समजतात का, असा प्रश्न याच मुलांना विचारला असता तर यांतील कितीतरी जणांनी होकार दिला असता. ‘असर’ने हे काम आरोग्य साक्षरतेचे साधन म्हणून रचले नव्हते, पण भारतीय किशोरांची आरोग्य साक्षरता मोजू पाहणाऱ्याने आइस्क्रीमच्या पट्टीपेक्षा या पाकिटापासून सुरुवात करावी, कारण ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, घरात येते आणि अनेकदा मोठ्या बहिणीलाच ते कालवावे लागते.

पाकीट वाचता येणे ही मात्र नटबीम यांची पहिली पायरीच झाली. पारखण्याची क्षमता मोजण्यासाठी वेगळी कामे रचावी लागतील: एकाच विषयावरचे दोन संदेश, एक आरोग्य विभागाचा आणि दुसरा औषध विकणाऱ्याचा, समोर ठेवून कशावर विश्वास ठेवाल व का, असे विचारता येईल आणि गुण निवडीला न देता कारणाला देता येतील. लोहाच्या गोळ्यांचे उदाहरण येथे बोलके आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१४ पासून १० ते १९ वयोगटासाठी राबवला जातो, शाळांतून दर आठवड्याला या गोळ्या दिल्या जातात, आणि त्या घेतल्यावर मळमळले म्हणून किंवा कोणी भीती घातली म्हणून मुली त्या टाकून देतात तेव्हा प्रश्न अक्षरओळखीचा नसतो. मळमळ का होते, ती कशी टाळावी, कोणाला विचारावे आणि भीती घालणाऱ्याचे म्हणणे कसे तपासावे, याचा असतो. या चार गोष्टी मोजणारी कामे तयार करणे अवघड असले तरी अशक्य नाही.

साधन तयार झाल्यावर त्याच्या दोन परीक्षा होतात. विश्वसनीयता म्हणजे तेच मूल काही दिवसांनी पुन्हा तपासले तर उत्तर साधारण तेच येते का, हे पाहणे. वैधता म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जात आहे का, हे पाहणे. या दोहोंपलीकडे एक तिसरी तपासणी भारतासारख्या देशात अनिवार्य आहे, ती म्हणजे प्रश्नाचा अर्थ सर्व गटांत सारखा लागतो का. पुण्यातील इंग्रजी माध्यमाची शाळा, मेळघाटातील आश्रमशाळा आणि ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर फडावर गेलेली बीडची मुले यांना ‘डॉक्टरांना प्रश्न विचारता येतात का’ हा प्रश्न एकच वाटणार नाही, कारण कोणाचा डॉक्टर गल्लीच्या कोपऱ्यावर आहे तर कोणाचा काही तासांच्या अंतरावर. ही तपासणी न करता काढलेली जिल्हावार क्रमवारी मुलांच्या समजुतीपेक्षा दवाखान्याचे अंतरच अधिक सांगेल.

आयुष्मान भारत योजनेखाली २०२० पासून जो शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या शिक्षकांना वर्गाच्या आरंभी आणि अखेरीस वापरता येईल असे एखादे छोटे, मराठीत घडवलेले आणि मराठी मुलांकडून तपासून घेतलेले साधन मिळाले, तर कोणता धडा पोहोचला नाही हे त्यांना त्याच वर्षी कळेल. असे गुण प्रगतिपुस्तकात जाऊ नयेत व त्यांवरून शाळांना बक्षिसे वाटली जाऊ नयेत, ही अट मात्र प्रारंभीच घालावी लागेल, कारण गुणांना मोल आले की उत्तरे पाठ करून घेतली जातात आणि जलसंजीवनीच्या पाकिटासाठी किती पाणी घ्यायचे हे मूल पाकिटाकडे न पाहताच सांगू लागते.