हवेने गळतीचा शोध : दाबघट चाचणी आणि तापमानाचा अडसर

गळती शोधण्यासाठी भाग पाण्यात बुडवून बुडबुडा चाचणी केली जाते. ती चाचणी गळतीची जागा नेमकी दाखवते, परंतु गळतीचे प्रमाण ठरवणे पाहणाऱ्याच्या नजरेवर सोपवते. मिनिटाला 1 घन सेंटिमीटर हवा 3 मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांवाटे बाहेर पडत असेल, तर सेकंदाला जेमतेम एखादा बुडबुडा वर येतो, आणि पाळी संपत आलेल्या कामगाराच्या थकलेल्या डोळ्यांनी तो दर वेळी टिपावा ही अपेक्षा न्याय्य नव्हे. सिलिंडर हेड, पाण्याच्या पंपाचे कवच किंवा गिअरबॉक्सची पेटी यांसारखे ओतीव भाग मोठ्या संख्येने तपासताना म्हणूनच कोरड्या चाचणीचा अवलंब केला जातो. ओतलेला धातू थिजताना अडकलेल्या वायूमुळे व धातूच्या आकसण्यामुळे आत सूक्ष्म पोकळ्या राहतात. वरचा अखंड थर त्यांना झाकून ठेवतो, पण मशिनिंगमध्ये तो कापला गेला की त्या उघड्या पडतात आणि आरपार वाट तयार होऊ शकते. त्यामुळे ओतकामानंतर भाग एकदा तपासला असला, तरी मशिनिंगनंतरची तपासणी टाळता येत नाही.

कोरड्या चाचणीचा सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे दाबघट चाचणी. भागाची सर्व तोंडे रबरी सीलने बंद करून त्यात ठरावीक दाबाची हवा भरतात, ती स्थिरावू देतात, मग पुरवठ्याचा व्हॉल्व्ह बंद करून ठरावीक सेकंदांत दाब किती उतरला हे मोजतात आणि शेवटी हवा सोडून देतात. तत्त्व सोपे आहे : कोंडलेल्या हवेपैकी काही निसटली, तर उरलेल्या हवेचा दाब त्या प्रमाणात कमी होतो.

अडचण आकड्यांत शिरल्यावर दिसते. आतील पोकळी 1000 घन सेंटिमीटर असलेला एक भाग घेऊ. वातावरणापेक्षा 2 बार अधिक, म्हणजे निरपेक्ष हिशेबाने सुमारे 3 बार दाब त्यात भरला आणि वातावरणीय दाबाला मोजलेली गळती मिनिटाला 1 घन सेंटिमीटर असली, तर 10 सेकंदांत दाब केवळ 17 पास्कलच्या आसपास घटतो. याच हवेचे तापमान 0.1 अंश सेल्सिअसने बदलले, तर दाब सुमारे 100 पास्कलने बदलतो, म्हणजे ज्याचा शोध घ्यायचा त्या खुणेच्या जवळजवळ सहापट. सील दाबाखाली हळूहळू सरकून पोकळी 0.1 घन सेंटिमीटरने वाढली, तरी 30 पास्कलची खोटी घट दिसते. गळती मोजणारे यंत्र प्रत्यक्षात बराच काळ तापमान आणि रबर यांचेच मोजमाप करत असते, हे ध्यानात न घेतल्यास कितीही महागडा संवेदक उपयोगी पडत नाही.

हवा वेगाने भरली की दाबली जाऊन ती तापते आणि मग धातूच्या भिंतींना उष्णता देत थंड होते. हा उतार संपण्याआधी मापन सुरू केले, तर निर्दोष भागही गळका ठरतो. याउलट धुलाईयंत्रातून नुकताच निघालेला गरम भाग आतील हवेला तापवत राहतो, दाब वाढतो आणि खरी गळती त्या वाढीखाली झाकली जाते. पहिल्या चुकीत पैसा जातो. दुसऱ्या चुकीत सदोष भाग ग्राहकाच्या इंजिनापर्यंत पोहोचतो, म्हणून तिच्याबाबत अधिक कठोर राहिले पाहिजे.

या अडचणीवर भेददाब पद्धत हा मोठा उपाय आहे. तपासायचा भाग आणि गळती नसल्याची खात्री केलेला तसाच दुसरा भाग, ज्याला मास्टर म्हणतात, हे दोन्ही एकाच वेळी एकाच दाबाने भरून परस्परांपासून विलग करतात आणि त्यांच्या दाबांतील फरक मोजतात. भरण्यामुळे आलेली ऊब दोन्हीकडे जवळपास सारखीच असल्याने ती बहुतांशी वजा होते. शिवाय संवेदकाला 2 बारच्या पार्श्वभूमीवर 17 पास्कल शोधावे लागत नाहीत, कारण त्याच्यापुढे फक्त फरक येतो. तथापि मास्टर गार आणि भाग गरम असेल, तर ही वजाबाकी फसते, आणि दर चक्रात भरला जाणारा मास्टर स्वतःही थोडा तापत जातो. भागाच्या पोकळीत भरीव ठोकळे बसवून हवेचे आकारमान घटवणे हा साधा उपाय इथे फार गुणकारी ठरतो, कारण आकारमान निम्मे झाले की त्याच गळतीने होणारी दाबघट दुप्पट होते. फारच मोठ्या पोकळ्यांसाठी मात्र दाब कायम राखून, गळतीची भरपाई करणारा हवेचा प्रवाहच मोजणे सोयीचे असते.

यंत्रावरील विश्वास रोज तपासावा लागतो. त्यासाठी काटेकोर मापाच्या सूक्ष्म छिद्राचे, ज्ञात प्रवाह देणारे ‘प्रमाणित गळती’ नावाचे छोटे उपकरण निर्दोष भागाच्या जोडीला लावतात आणि यंत्र त्याला नाकारते का ते पाहतात. मर्यादेबाहेरची ही कृत्रिम गळती यंत्राने स्वीकारली, तर उत्पादन थांबवून, शेवटच्या यशस्वी पडताळणीनंतर पुढे गेलेला प्रत्येक भाग परत बोलावून नव्याने तपासावा लागतो.