धुळीचं वादळ गेल्यावर घरातली हवा

म्हसवडकरांना धुळीची ओळख करून द्यायला नको. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वरी ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात तो ५०० च्या आसपास गेला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. शाळू निघाला, नांगरट झाली, की चैत्र-वैशाखात रानं उघडी पडतात. वळवाचा ढग जवळ आला म्हणजे त्याच्या पोटातली गार हवा खाली कोसळते, जमिनीवर पसरते आणि पावसाआधीच सारी माती उचलून आपल्या घरात आणून टाकते. कधी ही धूळ लांबूनही येते. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ गुजरातवरून थेट मुंबईपर्यंत पोचली होती.

वादळ गेलं की आपण पहिलं काय करतो? केरसुणी हाती घेतो. इथंच थोडं थांबा.

धुळीचे कण सगळे सारखे नसतात. जाड कण दाताखाली कचकचतो, नाकात अडकतो. तो चीड आणतो, पण फार आत जात नाही. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. दहा मायक्रॉनचा मातीचा कण वारा पडलेल्या खोलीत आढ्यापासून जमिनीवर यायला पाचसात मिनिटं घेतो. अडीच मायक्रॉनचा तास-दीड तास, आणि एक मायक्रॉनचा रात्रभर तरंगत राहतो. छातीत खोल उतरतो तो हाच बारीक. सुकी केरसुणी मारली की खाली बसलेली धूळ पुन्हा वर, आणि झाडणाऱ्या बाईच्या नाकाशी!

म्हणून आधी आभाळ पाहावं. वाऱ्यामागून पाऊस पडून गेला असेल तर बाहेरची हवा धुऊन निघालेली असते. पुढचं-मागचं दार, झरोके अर्धा तास सताड उघडे टाका. आतली बारीक धूळ झुळकेबरोबर जाईल. पाऊस हुलकावणी देऊन गेला आणि आभाळ तांबूसच असेल, तर दारं लावूनच ठेवा. पंखाही लगेच लावू नका. त्याच्या पात्यांवर बसलेलं सगळं खोलीभर उडेल.

मग ओलं फडकं. तुम्ही म्हणाल, टँकरची वाट पाहणाऱ्या गावात फरशा धुवायला पाणी कुठलं? धुवायचं नाहीच, पुसायचं. एका घमेल्यात तांब्या-दोन तांबे पाणी पुष्कळ झालं. फडकं घट्ट पिळून वरून खाली यावं: पंख्याची पाती, फळ्या, ट्रंका, शेवटी जमीन. उरलेलं गढूळ पाणी दारच्या झाडाला घाला. अंथरुणं घरात झटकू नका. बाहेर नेऊन, वाऱ्याकडे पाठ करून झटका. पुसणाऱ्यानं तोंडाला पंचा बांधला तर जाड धूळ अडते, बारीक नाही; त्यासाठी नाकाशी घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. दमेकरी माणसाला आणि पोरांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवावं.

हवा शुद्ध व्हावी म्हणून काही घरांत लगेच धूप किंवा कडुलिंबाचा पाला जाळतात. वास बरा वाटतो, पण धूर म्हणजेही बारीक कणच. धुळीत त्याची भर कशाला? चुलीचंही तसंच. वादळ वर्षातून चारदा येईल, चूल रोज दोनदा पेटते. गॅस परवडत नसेल तर निदान त्या दिवशी चूल अंगणात मांडावी. दारातल्या तुळशीवर मात्र हवा शुद्ध करण्याचा भार टाकू नये. ती असावीच, पण एवढं काम तिच्यानं होत नाही. विजेवर चालणारी हवा गाळायची यंत्रं मिळतात, ती बंद खोलीत उपयोगी पडतात. पण वादळात वीज टिकली तर.

घरात कुणाला दमा असेल तर त्याचं फवाऱ्याचं औषध टोपण लावून उशाशी ठेवा. श्वास घेताना छाती ओढली जाऊ लागली, एक वाक्य एका दमात बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर घर पुसायचं राहू द्या आणि तसंच त्याला दवाखान्यात न्या.