फिट आली, पण कशी?

आमच्या सायखेड्यात कांद्याला काय तोटा! त्यामुळे कुणाला फिट आली, की आधी कांदा फोडून नाकाला लावतात, नाहीतर चप्पल हुंगवतात. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय मिळतं कांद्याला. वॉर्डात बरीच वर्षं काढलेली मी सिस्टर. मी सांगते, त्या वेळी कांद्यापेक्षा घड्याळ जास्त कामाचं.

वॉर्डात पेशंटला फिट आली, की आम्ही आधी त्याला कुशीवर वळवतो. मग केसपेपरवर लिहितो. नुसतं ‘फिट आली’ लिहून भागत नाही. किती वाजता आली, किती मिनिटं चालली? झटके आधी एका हाताला आले, की सगळ्या अंगाला एकदम? मान, डोळे कुठल्या बाजूला फिरले? जीभ चावली का, लघवी झाली का? शुद्धीवर यायला किती वेळ लागला? नंतर एखादा हात लुळा पडला का? शिवाय साखर, बीपी, ताप, दिलेलं औषध, डॉक्टरांना कळवल्याची वेळ. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, अंदाज नाही.

एवढी उठाठेव कशाला? कारण डॉक्टर येईपर्यंत फिट थांबलेली असते. त्यांना ती आमच्या अक्षरातूनच दिसते. साखर उतरली, गरोदरपणात बीपी वाढलं, लहान मुलाला ताप चढला, तरी झटके येतात. प्रत्येकाचा उपचार निराळा. चक्कर येऊन पडलेल्या मुलीलाही कधी दोन-चार झटके येतात. तिच्या कागदावर घाईनं ‘मिरगी’ लिहिलं, की तो शब्द थेट लग्नापर्यंत तिची पाठ धरतो. आणि खरंच मिरगी असली, तरी लाज कसली? पूर्वी त्या कारणानं लग्न रद्द करून मागता यायचं. १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातून ते कारणच काढून टाकलं. लोकांच्या मनातून मात्र ते अजून जायचंय.

मैत्रिणींनो, घरी सिस्टर नसते, तुम्ही असता. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली, पहिल्यांदाच आली किंवा बाई गरोदर असेल, तर १०८ ला फोन करा. जवळ कुणाकडे मोबाइल असेल, तर त्याला शूटिंग करू द्या. सगळं निवळलं, की पोरांच्या वहीच्या पानावर पाहिलेलं चार ओळींत लिहा आणि नाशिकला डॉक्टरांकडे जाताना ते पान आठवणीनं सोबत न्या. अक्षर कसंही असू दे, वेळ तेवढी बरोबर लिहा.