पेशीतली हरवलेली खूण

बाळ वेळेवर मान धरत नाही, सांधे आखडतात, हिरड्या जाड होतात, वर्ष-दोन वर्षांत वाढच खुंटते. घरात कुजबुज सुरू होते. ग्रहणात हिने काही चिरले असेल, नाहीतर सुनेचा पायगुणच वाईट! 'आय-सेल' या दुर्मीळ आजाराचे खरे कारण मात्र पेशीच्या आत असते. तिथे हरवलेली असते एक इवलीशी खूण.

आपल्या पेशींत लायसोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. पेशीतला केरकचरा तिथे मोडीत निघतो. त्यासाठी सुमारे ६० प्रकारची एन्झाइम लागतात. एन्झाइम म्हणजे प्रथिनेच. ती लायसोसोममध्ये बनत नाहीत, गॉल्जी नावाच्या भागातून तिकडे पाठवावी लागतात. पेशीबाहेर जाणारी प्रथिनेही याच गॉल्जीतून निघतात. मग एवढ्या गर्दीत कोणी कुठे जायचे, हे ठरते कसे?

लेरॉय आणि डीमार्स या संशोधकांनी १९६७ मध्ये अशा मुलांच्या त्वचेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, तेव्हा त्या न मोडलेल्या पदार्थांच्या कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या. १९७२ मध्ये हिकमन व एलिझाबेथ न्यूफेल्ड यांनी एक साधा पण मार्मिक प्रयोग केला. निरोगी पेशींतून आलेली एन्झाइम रोगी पेशी सहज आत घेत होत्या, पण रोगी पेशींची एन्झाइम दुसऱ्या पेशी घेईनात. म्हणजे दोष घेणाऱ्यात नव्हता, मालावर ओळखीची खूणच नव्हती!

ही खूण म्हणजे मॅनोज-६-फॉस्फेट, फॉस्फेट जोडलेली एक साखर. गॉल्जीत तिला ओळखणारे ग्राहक-प्रथिन असते. डबेवाला डब्यात भाजी कोणती हे पाहत नाही, झाकणावरची खूण पाहतो, तसेच याचेही. त्याच्या खाचेत ही साखर नेमकी बसते, मग एन्झाइम कोणतेही असो. वाटेत आम्लता वाढली की ही पकड सुटते, एन्झाइम लायसोसोमकडे जाते आणि ग्राहक पुढच्या खेपेसाठी माघारी फिरतो.

आय-सेलमध्ये फॉस्फेट चिकटवणारी पहिली पायरीच बिघडते. एन्झाइम कामाला चांगली असतात, पण बिनखुणेची म्हणून पेशीबाहेर टाकली जातात. रक्तात त्यांचे प्रमाण कितीतरी पट वाढलेले आढळते. निदानाला त्याचाच उपयोग होतो. बहुतेक मुले दहा वर्षांच्या आत दगावतात.

हीच खूण दुसऱ्या आजारात उपयोगी पडली आहे. पॉम्पे या रोगात लायसोसोमचे एकच एन्झाइम कमी असते. २००६ पासून ते बाहेर बनवून शिरेतून देतात. त्यावर ही खूण असल्याने स्नायूंच्या पेशी ते आत ओढतात. औषध अतिशय महाग आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पॉम्पेचा समावेश झाला आणि २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली. आय-सेलमध्ये मात्र एक नव्हे, अनेक एन्झाइम वाट चुकलेली असतात, त्यामुळे असा उपाय अजून नाही.

म्हणूनच पुढच्या बाळाचा विचार आधी व्हायला हवा. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले तरच हा आजार होतो, तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणे हा निव्वळ अन्याय आहे. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भाला २५ टक्के धोका असतो. नात्यात लग्न झाले असेल, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. कुटुंबातला जनुकदोष ओळखला गेला असल्यास गर्भावस्थेतच तपासणी करता येते. दुर्मीळ आजारांसाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय आणि दिल्लीची एम्स यांचा समावेश आहे. तिथे जाताना आजारी बाळाचे सर्व जुने कागद सोबत न्यावेत आणि नवऱ्यानेही बरोबर जावे, कारण रक्त दोघांचेही तपासावे लागते.