दवाचा अंतरपाट

‘अलंकार ओळखा’ हा प्रश्न शाळेत मुलांची पाठ सोडत नाही. ‘सारखा’ दिसले की उपमा, ‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा. गुण पदरात पडतात आणि कविता तिथेच संपते. कवीने असे काय पाहिले म्हणून त्याला ती कल्पना सुचली, हे मात्र कुणी विचारत नाही. खानदेशातल्या वर्गांत तरी हे विचारले जावे, असे मला फार वाटते.

धरणगावात १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ हे नाव मिळाले. त्यांची ‘फुलराणी’ घ्या. कळी ही नवरी आणि सूर्यकिरण नवरदेव. निर्जीवाला माणसासारखे वागवले की चेतनगुणोक्ती, हे पोरे घडाघडा सांगतात. पण बालकवी लग्न अगदी साग्रसंगीत लावतात. सनई वाऱ्याकडे, पखवाज झऱ्याकडे, आणि वधूवरांच्या मधला अंतरपाट दवाचा! इथे मुलांना जरा थांबवावे. अंतरपाट कधी दूर होतो? मंगलाष्टके संपून मुहूर्ताची घटका भरली की. आणि दव कधी विरते? ऊन अंगावर आले की. म्हणजे किरण कळीपर्यंत पोहोचायला आणि मधला पडदा जायला एकच वेळ. लग्नातला क्रम आणि पहाटेचा क्रम असा बरोबर जुळतो, म्हणून ही कल्पना मनाला पटते. दवाला मोती म्हणणारे पुष्कळ आहेत. पण उन्हाने मोती विरत नाहीत.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, शेतात राबताना सुचलेली त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली, त्यांचे पुस्तक १९५२ साली आले. त्यांची सुगरण ही पिलांसाठी खोपा झाडाला टांगणारी आई आहे. पक्षिशास्त्र सांगते, खोपा विणतो तो नर. मादी तो पारखते आणि पसंत पडला तरच संसार मांडते. मुलांना दोन्ही सांगावे, त्याने कवितेचे काही बिघडत नाही. एवढ्याशा चोचीने, हातांवाचून, इतके नेटके विणकाम होते हे बहिणाबाईंनी नीट पाहिले होते, आणि दोन हात असलेल्या माणसाला त्यांनी त्याची जाणीव करून दिली.

या भागातल्या मुलांना अशी भाषा परकी नाहीच. ज्वारी पोटरीत आली, असे घरी सहज बोलले जाते. कणीस बाहेर पडण्याआधी ताटाचा वरचा भाग पायाच्या पोटरीसारखा फुगतो, हे ज्याने प्रथम पाहिले त्याचे नाव कुठल्याही पुस्तकात नाही. पाऊस ‘दडी मारतो’ तेव्हा तर तो खोडकर पोरगाच होतो. निबंधात मात्र हीच मुले पाठ केलेले ‘हिरवे गालिचे’ आणि ‘निळे आभाळ’ लिहितात. एकदा त्यांना बांधावर न्यावे, पोटरीतल्या ज्वारीवरून हात फिरवू द्यावा, आणि मगच विचारावे, हे तुला कशासारखे वाटले?